हैफाची जर्मन वसाहत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धात भारतीय स्वारांनी तुर्कांकडून हैफा जिंकलं. त्या लढाईबद्दल लिहिलं की तिथल्या जर्मन वसाहतीबद्दल दोन-तीन ठरावीक प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरं दिली की आणखी दहा. म्हणून सगळे एका जागी घेतले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, वादाचे शेवटाकडे आहेत. घाई असेल तर ६, १३ आणि १५ एवढे तरी वाचा.

१. हैफाची जर्मन वसाहत म्हणजे नेमकं काय?

आजच्या इस्रायलमधलं हैफा हे बंदर कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे समुद्राकडून डोंगराकडे जाणारा एक सरळ, रुंद रस्ता आहे आणि त्याच्या दुतर्फा लाल कौलांची दगडी घरं आहेत. ही वस्ती जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गहून आलेल्या, टेम्पलर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी १८६९ पासून वसवली. तेव्हा हा मुलूख उस्मानी तुर्की साम्राज्यात होता. पुढे पहिल्या महायुद्धानंतर तिथे ब्रिटिश आले, १९४८ मध्ये इस्रायल झाला. वसवणारे लोक मात्र त्याआधीच हलवले गेले होते.

२. टेम्पलर म्हणजे धर्मयुद्धातले ते चिलखतवाले सरदार ना?

नाही. त्या सरदारांचा पंथ पोपने १३१२ मध्ये बरखास्त केला. हैफाला आलेले टेम्पलर एकोणिसाव्या शतकातले शेतकरी, सुतार, गवंडी, शिक्षक, व्यापारी. दोघांच्यात साडेपाचशे वर्षांचं अंतर आहे आणि परंपरेचा काडीचा संबंध नाही. इंटरनेटवरच्या निम्म्या गोंधळाचं मूळ या नामसाधर्म्यात आहे.

३. मग हे टेम्पलर होते तरी कोण?

व्युर्टेम्बर्गात प्रॉटेस्टंट चर्चच्या आत राहून कडक भक्तिमार्ग पाळणाऱ्यांची मोठी परंपरा होती. त्यांना पायटिस्ट म्हणतात. त्यातल्याच एका घराण्यातला ख्रिस्तोफ होफमान (१८१५–१८८५). स्टुटगार्टजवळचं कोर्नटाल हे भक्तांचं गाव त्याच्या वडिलांनी १८१९ मध्ये उभं केलं होतं. म्हणजे ‘आपल्यासारख्यांचं वेगळं गाव’ ही कल्पना त्याला बाळकडूतच मिळालेली. १८४८ च्या धामधुमीत तो फ्रांकफुर्टच्या संसदेवर निवडून गेला. राजकारणातून माणूस सुधारत नाही, असं मत घेऊन परतला.

त्याचा जोडीदार गेओर्ग डाव्हीड हार्डेग हा व्यापारी. तरुणपणी क्रांतिकारी कटात सापडून तुरुंगात राहिलेला. एक उपदेशक, एक जुना बंडखोर. ही जोडी फार काळ टिकणार नव्हती (प्रश्न १० पाहा). १८५९ मध्ये राज्याच्या चर्चने त्यांना बाहेर काढलं आणि १८६१ मध्ये त्यांनी आपली स्वतंत्र संघटना जाहीर केली.

४. चांगली घरं-शेतं सोडून ही माणसं इतक्या लांब का गेली?

बायबलातल्या भाकितांप्रमाणे काळाचा शेवट जवळ आला आहे आणि देवाच्या माणसांनी पवित्र भूमीत जमून जगण्याचा नमुना घालून द्यायला हवा, ही त्यांची श्रद्धा. त्यांच्या मते मंदिर (टेम्पल; पंथाचं नाव त्यावरूनच) दगडाचं नसून माणसांच्या समुदायाचं असतं, आणि तो समुदाय पॅलेस्टाइनमध्ये उभा राहायचा होता.

नुसत्या श्रद्धेवर इतके लोक बोटीत बसले असते का? मला तसं वाटत नाही. १८४० च्या दशकाच्या शेवटी नैऋत्य जर्मनीत पिकं बुडाली होती, जमिनींच्या वाटण्या होऊन तुकडे पडले होते आणि हजारो कुटुंबं अमेरिकेची, रशियाची वाट धरत होती. गाव सोडायचंच असेल तर देवाने सांगितलेल्या ठिकाणी का नको, असा तो हिशोब असावा.

५. जेरुसलेमचं स्वप्न बघणारे हैफालाच का थांबले?

होफमान आणि हार्डेग ३० ऑक्टोबर १८६८ ला कुटुंबांसह हैफाला उतरले. मागून येणाऱ्यांना उतरवून घ्यायला बंदराशेजारी तळ हवा होता आणि कार्मेलच्या पायथ्याची जमीन मोकळी होती, शिवाय वाऱ्याची. वाऱ्याचं महत्त्व त्यांना ठाऊक होतं. १८६७ मध्ये एक उतावळा गट मुख्य संघटनेची वाट न पाहता आतल्या सखल भागात जाऊन बसला होता. वर्षभरात त्यातले निम्म्याहून अधिक हिवतापाने गेले.

तेव्हाचं हैफा म्हणजे तटाच्या आतलं काही हजार वस्तीचं गाव. खाडीपलीकडचं अक्को जास्त महत्त्वाचं होतं. जर्मनांनी जमीन घेतली ती तटाबाहेर, पश्चिमेला. संघटनेचं मुख्य ठाणं १८७८ मध्ये जेरुसलेमला गेलं खरं, पण पहिलं गाव हैफाच राहिलं.

६. उस्मानी सुलतानाने परक्यांना जमीन दिली कशी? ते तुर्की प्रजाजन झाले का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो कमी लोक विचारतात.

१८६७ मध्ये उस्मानी सरकारने कायदा करून परदेशी लोकांना स्थावर मालमत्ता घ्यायला मुभा दिली. अट एवढीच की त्यांच्या सरकारने तसा करार मान्य करायचा आणि जमिनीच्या बाबतीत उस्मानी कायदे, उस्मानी कर लागू राहायचे. टेम्पलर आले ते या कायद्याच्या पाठोपाठ. सुलतानाकडून खास फर्मान मिळवायचा त्यांचा प्रयत्न होता, तो फळला नाही. जमीन त्यांनी बाजारात विकतच घेतली.

आता दुसरा भाग. युरोपीय सत्तांनी उस्मानी दरबाराकडून पूर्वीपासून सवलतींचे करार मिळवले होते. त्यांनुसार परदेशी माणसाची बरीचशी प्रकरणं त्याच्या वकिलातीपुढे चालत. त्यामुळे टेम्पलर उस्मानी भूमीवर राहत, तिथल्या मातीवर कर भरत, पण स्वतः जर्मन प्रजाजनच राहिले. रशियातल्या व्होल्गाकाठच्या जर्मनांशी तुलना केली तर फरक कळतो. त्यांना सम्राज्ञी कॅथरीनने बोलावून घेतलं होतं आणि ते झारची प्रजा झाले होते.

परक्याच्या घरी परकं राहण्याची ही सोय दोन पिढ्या फार कामाला आली. सप्टेंबर १९१४ मध्ये उस्मानी सरकारने या सवलती एकतर्फी रद्द केल्या. पण तोवर टेम्पलरांची ओळख पक्की जर्मन होऊन बसली होती, आणि पुढे जे घडलं (प्रश्न १५ आणि १७) ते या पासपोर्टामुळेच.

७. वसाहत दिसायची कशी?

मधोमध समुद्राकडून डोंगराकडे जाणारा तीस मीटर रुंदीचा रस्ता. बैलगाडी कशीबशी वळेल अशा बोळांच्या त्या काळातल्या गावाशेजारी हा रस्ता लोकांना अचाट वाटला असणार. आखणीत याकोब शूमाखरचा मोठा वाटा होता. तो अमेरिकेतल्या ओहायोमार्गे आलेला जर्मन. त्याचा मुलगा गोट्लीब पुढे सर्वेक्षक आणि उत्खननकार म्हणून नावाजला. मगिद्दोच्या टेकडीवर १९०३ ते १९०५ या काळात त्यानेच खोदकाम केलं.

घरं स्थानिक चुनखडीच्या दगडाची, एक-दोन मजली, खाली तळघर, खिडक्यांना लाकडी झडपा, वर उतरतं कौलारू छप्पर. आजूबाजूला सपाट धाब्याची किंवा घुमटी छपरं असताना ही लाल छपरं लांबून उठून दिसत. रस्त्याच्या कडेला झाडं, घरापुढे कुंपण घातलेली बाग.

दरवाजाच्या वरच्या दगडाकडे नीट पाहा. त्यात जर्मन वळणाच्या टोकदार अक्षरांत बायबलचं वचन कोरलेलं असतं, बऱ्याचदा खाली बांधणीचं साल. एका दारावर १३७ व्या स्तोत्रातली ओळ आहे: हे जेरुसलेम, तुला विसरलो तर माझा उजवा हात निकामी होवो. स्वतःच्या हातांनी दगड घडवणाऱ्या माणसाने उजव्या हाताची शपथ दारावर कोरायची, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा बोलकं वाटतं.

पहिली इमारत होती ती सामुदायिक घराची, १८६९ ची. प्रार्थना, शाळा, बैठका सगळं तिथेच. आज त्यात हैफाचं शहर संग्रहालय आहे.

८. त्यांचं पोट कशावर चालायचं?

आले होते शेती करायला. पण डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जमीन किती असणार! कार्मेलच्या उतारावर द्राक्षमळे लावले, त्यांना रोगांनी ग्रासलं. मग हैफाचे टेम्पलर कारागिरी, व्यापार आणि वाहतुकीकडे वळले. ऑलिव्ह तेलाचा साबण, गिरण्या, सुतारकाम, हॉटेलं.

खरी कमाई चाकांची होती. या भागात तोवर प्रवास घोड्या-खेचरांवर आणि उंटांवर चाले. टेम्पलरांनी घोडागाड्या बांधल्या, हैफा ते अक्को नियमित फेऱ्या सुरू केल्या आणि नाझरेथपर्यंत गाडीरस्ता करायला पुढाकार घेतला. युरोपातून येणारे यात्रेकरू त्यांचं गिऱ्हाईक बनले. १९०५ मध्ये हैफा हेजाझ रेल्वेच्या फाट्याने दमास्कसच्या बाजूला जोडलं गेलं आणि अक्को कायमचं मागे पडलं. त्या रेल्वेचा मुख्य अभियंता माइसनर पाशा हाही जर्मनच, पण टेम्पलर नव्हे. तो सुलतानाच्या नोकरीत होता. १९१४ च्या सुमारास वसाहतीत साधारण ७५० माणसं होती.

९. स्थानिक अरबांशी संबंध कसे होते?

कामापुरते. गवंडी, मजूर, गाडीवान अरब असत, भाजी-धान्याचे व्यवहार रोजचे, आणि वसाहतीत वाढलेली मुलं अरबी सहज बोलत. पण लग्नसंबंध नाहीत, शाळा वेगळ्या, वस्ती वेगळी. हद्दीवरून आणि गुरं चारण्यावरून भांडणं झाली. कार्मेलवरच्या कॅथलिक मठाशीही जमिनीवरून लांबलचक तंटा चालला. १८७७ च्या रशिया-तुर्की युद्धाच्या वेळी भीती पसरली तेव्हा किनाऱ्यावर जर्मन युद्धनौका येऊन गेली.

‘ते वसाहतवादी होते का’ असंही विचारतात. सत्ता गाजवायला ते आले नव्हते, पण सत्तेच्या सावलीत राहिले. युद्धनौका बोलावता येणारा शेजारी हा साधा शेजारी नसतो.

१०. वसाहतीत फूट पडली होती हे खरं का?

होय. १८७४ मध्ये हार्डेग होफमानपासून फुटला आणि हैफातला जवळपास एक तृतीयांश समुदाय त्याच्यामागे गेला. हार्डेग १८७९ मध्ये वारला. त्याच्या मागच्यांपैकी बरेच जण पुढे मुख्य प्रॉटेस्टंट चर्चमध्ये परतले. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन पंथांचे जर्मन शेजारी-शेजारी नांदू लागले. १९०७ मध्ये गॅलिलीत वसलेलं वाल्डहाइम हे गाव या चर्चवाल्यांचं, तर त्याला खेटून १९०६ मध्ये वसलेलं गॅलिलीचं बेथलेहेम टेम्पलरांचं.

११. कैसर विल्हेल्मने ही वसाहत स्थापन केली असं वाचलं. बरोबर आहे?

चूक. दुसरा विल्हेल्म आला २५ ऑक्टोबर १८९८ ला, म्हणजे वसाहत तीस वर्षांची झाल्यावर. त्याच्यासाठी हैफाला धक्का बांधला गेला. तिथून तो याफामार्गे जेरुसलेमला गेला. भेटीनंतर जर्मनीतून पैसा उभा राहिला, आणि प्रश्न १० मधली दोन गावं आणि १९०२ चं विल्हेल्मा ही त्यानंतरचीच. त्याआधी बर्लिनला या पंथाचं फारसं कौतुक नव्हतं, कारण सुलतानाशी मैत्री जास्त मोलाची होती.

१२. बहाई मंदिर बरोबर या रस्त्याच्या टोकालाच कसं?

‘मंदिर’ म्हणतात ती बहाई परंपरेतल्या बाब यांची समाधी. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला अक्कोला उस्मानी सरकारचे कैदी म्हणून आणले गेले तेही १८६८ मध्येच, टेम्पलरांच्या आगमनाच्या दोन महिने आधी. पुढे ते हैफाला येत तेव्हा जर्मन वसाहतीत मुक्काम करत. हार्डेगला त्यांनी लिहिलेलं पत्र बहाई वाङ्मयात जपलेलं आहे. १९०९ मध्ये बाब यांचे अवशेष कार्मेलवर ठेवले गेले आणि नंतरच्या बागा मुद्दाम वसाहतीच्या रस्त्याच्या रेषेत आखल्या गेल्या. २००१ मध्ये खुल्या झालेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागांचे वास्तुरचनाकार फरीबुर्झ सहबा. दिल्लीचं लोटस टेम्पल त्यांचंच.

१३. भारतीय सैनिकांनी हैफा जिंकलं तेव्हा या वसाहतीचं काय झालं?

२३ सप्टेंबर १९१८. पंधरावी इम्पीरियल सर्व्हिस घोडदळ ब्रिगेड, म्हणजे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांचे भालेधारी स्वार. हैफाच्या बाजूने तुर्कांबरोबर जर्मन आणि ऑस्ट्रियन तोफा-मशिनगनवाले होते.

स्वार पूर्वेकडून आले. डाव्या हाताला कार्मेलचा कडा, उजव्या हाताला किशोन नदी, मधे अरुंद पट्टा. नदी ओलांडून वळसा घ्यायचा बेत होता, पण काठाच्या रुतणाऱ्या वाळूत पुढचे घोडे फसले. तेव्हा जोधपूरचे स्वार मशिनगनच्या माऱ्यात डावीकडे वळले, डोंगराच्या पायथ्याची ठाणी घेतली आणि सरळ गावात घुसले. म्हैसूरची एक तुकडी तोवर कार्मेल चढून वरच्या तोफांवर गेली होती. तेराशेहून जास्त कैदी हाती लागले. जोधपूरचे मेजर दलपतसिंह या लढाईत पडले.

वसाहत गावाच्या पश्चिमेला, म्हणजे हल्ल्याच्या उलट्या टोकाला, त्यामुळे तिची नासधूस झाली नाही. दक्षिणेकडच्या याफा, सरोना, विल्हेल्मा आणि जेरुसलेमच्या टेम्पलरांना ब्रिटिशांनी इजिप्तमध्ये कैरोजवळच्या हेलुआनला नेऊन ठेवलं. ते १९२०–२१ नंतर परतले. हैफाकरांवर ती पाळी आली नाही.

हैदराबादचे स्वार त्या दिवशी प्रत्यक्ष चढाईत नव्हते, पण दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या, या ब्रिगेडच्या स्मारकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक त्यांचा आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातच होता, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. त्या चौकाचं नाव २०१८ मध्ये ‘तीन मूर्ती हैफा चौक’ झालं.

१४. याशिवाय आपल्या भागाशी काही धागा आहे का?

आहे, आणि तो कोकणातल्या जुन्या घरांच्या छपरावर आहे. होफमानचा थोरला भाऊ विल्हेल्म १८३९ ते १८५० बासेल मिशनचा प्रमुख होता. याच मिशनचं मंगळूर, धारवाड, हुबळीकडे मोठं काम होतं आणि त्यात व्युर्टेम्बर्गच्या पायटिस्टांचा भरणा होता. १८६५ मध्ये मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो ते तिथलं. एका भावाने परदेशात धर्मप्रचारक पाठवले, दुसऱ्याने अख्खं गावच हलवलं. हैफाची कौलं मात्र मंगळुरी नव्हेत, एवढं सांगून ठेवतो, कारण तसं कुणीतरी फॉरवर्ड करतंय.

१५. टेम्पलर नाझी होते का?

सगळे नव्हते, पण ‘मूठभर वाट चुकले’ असंही नाही. १९३३ च्या सुमारास हैफात नाझी पक्षाची शाखा निघाली. तिच्या मुळाशी कार्ल रूफ हा वसाहतीतलाच वास्तुरचनाकार होता. पुढच्या काही वर्षांत शाळांमधून नव्या विचारांचं शिक्षण आलं, मिरवणुका निघाल्या, घरांवर स्वस्तिकाचे झेंडे लागले. तिथून काही अंतरावर जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू बोटींतून उतरत होते. १९३८ मधल्या टेम्पलरांच्या नाझी पक्षातल्या सदस्यत्वाचा आकडा साधारण १७ टक्के दिला जातो. पॅलेस्टाइनमधल्या सगळ्या जर्मनांचा विचार करून काही अभ्यासक एक तृतीयांशापर्यंत जातात. खुद्द जर्मनीतल्या प्रमाणापेक्षा हे जास्तच आहे.

जुन्या पिढीतल्या काहींना हे पटत नव्हतं. देवाचं राज्य आणि हिटलरचं राज्य एका वेळी कसं मानायचं, हा त्यांचा आक्षेप. पण तरुणांना बर्लिनहून येणारी शाबासकी हवी होती. साठ-सत्तर वर्षं ‘आम्ही इथले नाही, आम्ही जर्मन’ म्हणत जगलेल्या समाजाला ‘जर्मन’चा अर्थ बदलला तेव्हा मागे फिरता आलं नाही.

१६. आइखमन सरोनात जन्मला, तो टेम्पलर होता, असं एका व्हिडिओत ऐकलं.

अफवा. ज्यूंच्या संहाराची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आडोल्फ आइखमन १९०६ मध्ये जर्मनीत झोलिंगनला जन्मला. ऑक्टोबर १९३७ मध्ये तो हैफा बंदरात उतरला होता, तेवढ्याच दोन दिवसांच्या परवान्यावर. बाकी सगळी सांगोवांगी.

१७. मग ही सगळी माणसं गेली कुठे?

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रूराष्ट्राचे नागरिक झाले. सरोना, विल्हेल्मा, बेथलेहेम, वाल्डहाइम या गावांना काटेरी तारा घालून छावण्या केल्या आणि शहरांतल्या जर्मनांनाही तिथे आणून ठेवलं. जुलै १९४१ च्या शेवटी सहाशेहून अधिक लोकांना सुएझहून ‘क्वीन एलिझाबेथ’ जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवलं. ते व्हिक्टोरिया प्रांतातल्या टाटुरा छावणीत राहिले.

आणखी काहीशे जण अदलाबदलीत जर्मनीला गेले. १९४४ च्या अदलाबदलीत त्यांच्या मोबदल्यात बर्गन-बेल्झेन छावणीतले दोनशेहून अधिक ज्यू सुटून पॅलेस्टाइनला पोचले.

जे उरले त्यांनाही थारा राहिला नाही. मार्च १९४६ मध्ये सरोनाचा प्रमुख गोटहिल्फ वाग्नर याची ज्यू सशस्त्र संघटना हगानाच्या माणसांनी भर रस्त्यात हत्या केली. एप्रिल १९४८ मध्ये वाल्डहाइमवर हल्ला झाला आणि ब्रिटिशांनी उरलेल्यांतल्या बहुतेकांना सायप्रसला हलवलं. तिथून बरेचसे ऑस्ट्रेलियाला गेले. मेलबर्न परिसरात आणि स्टुटगार्टमध्ये टेम्पलर संघटना आजही आहे.

१८. घरांची नुकसानभरपाई मिळाली का?

मिळाली, पण थेट नाही. १९६२ मध्ये इस्रायल आणि पश्चिम जर्मनी यांच्यात करार झाला आणि ५ कोटी ४० लाख मार्क ठरले. घरं मात्र इस्रायलकडेच राहिली. १९४८ मध्ये याच हैफातून परागंदा झालेल्या अरबांना असा कुठला पश्चिम जर्मनी नव्हता. हा मुद्दा बरेच जण विचारतात आणि तो रास्त आहे.

१९. जेरुसलेमलाही ‘जर्मन कॉलनी’ दिसली. हीच का ती?

ती वेगळी. टेम्पलरांनी एकूण सात-आठ वस्त्या केल्या. याफाची (१८६९) त्यांनी एका फसलेल्या अमेरिकन पंथाकडून तयार घरांसकट घेतली. ती लाकडी घरं मेन राज्यातून जहाजाने आली होती. सरोना (१८७१) शेतीसाठी, पण पाणथळ. सुरुवातीला हिवतापाने खूप माणसं गेली, मग निलगिरीची झाडं लावून दलदल आटोक्यात आणली. जेरुसलेमची रेफाइम वस्ती १८७३ ची.

हैफाला जायचं असेल तर वसाहतीच्या रस्त्याचं आजचं नाव बेन गुरियन मार्ग. बऱ्याच घरांत आता खाणावळी आहेत, त्यांतल्या कित्येक अरब मालकांच्या, त्यामुळे आत जाऊन जिना-तळघर बघता येतं. सरोना तेल अवीवच्या मधोमध आहे. तिथल्या ३७ इमारती दुरुस्त करून २०१४ मध्ये खरेदीचा भाग म्हणून खुल्या केल्या. शेजारचा काप्लान रस्ता रुंद करायचा होता म्हणून त्यांतल्या पाच इमारती पायासकट रुळांवरून मागे सरकवाव्या लागल्या.